जुन्या जीपचे नट-बोल्ट

आमच्या बोनकोडे गावात एका पत्र्याच्या छपराखाली एक लष्करी जीप उभी आहे. गाव म्हणायचे ते आता सवयीने. १९७० साली सिडको स्थापन झाली, ठाण्याच्या खाडीकाठची भातखाचरे आणि मिठागरे गेली, भोवती नवी मुंबई उठली, आणि मधे आमची गावठाणातली घरे एकमेकांना खेटून राहिली. त्या दाटीतही नानांनी जीपपुरती जागा राखली आहे. नाना माझे शेजारी, साठी ओलांडलेले. त्यांच्या वडिलांनी ही जीप खडीच्या कामासाठी घेतली होती. घरात तिला सगळे ‘डिस्पोजलची जीप’ म्हणतात. दुसरे महायुद्ध संपल्यावर लष्कराला नको झालेली जी वाहने लिलावात निघाली त्यांतली ती. नानांच्या घरी येईपर्यंत तिने चार-पाच मालक पाहिले होते.

मी कॉलेजात इतिहास शिकवतो. यंत्रांशी माझा संबंध स्कूटरला किक मारण्यापुरता. असे असून आज मी तुमच्याशी नट-बोल्टांविषयी बोलणार आहे (नट म्हणजे रंगभूमीवरचे नव्हेत, एवढे आधी सांगून ठेवतो). त्याला कारण घडले ते असे.

दोन वर्षांपूर्वी नानांच्या मनात आले की जीप युद्धकाळात होती तशी करायची. त्यांनी ती एका गॅरेजात दिली. तिथे इंजिन उतरवले, धुतले, पुन्हा चढवले. उतरवताना निघालेले सगळे नट, बोल्ट, वायसर एका बादलीत टाकले, आणि चढवताना जो हाताला लागला आणि जिथे शिरला तो तिथे लावला. कमी पडले ते बाजारातून नवे आणले. जीप घरी आली, चकचकीत दिसू लागली. पंधरा दिवसांनी नाना आणि मी महापे-शिळफाटा रस्त्याच्या चढावर असताना पुढे खाडकन आवाज झाला. इंजिन जागचे हलले होते आणि पंख्याचे पाते रेडिएटरात घुसले होते. गाडी सावकाश चालली होती म्हणून निभावले.

इंजिन रबराच्या ज्या आधारांवर बसते त्यांतल्या एका बोल्टाचा नट गळून पडला होता. दुसऱ्या बाजूचा लोंबत होता. नानांनी तो बोटांनीच फिरवून काढला, बोल्टावर पुन्हा चढवला, हलवून पाहिला आणि म्हणाले, “मास्तर, नट बसला, पन धरला नाय.”

बसणे वेगळे आणि धरणे वेगळे. जुन्या गाडीचे अस्सल बोल्ट शोधणे हा केवळ हौसेचा उद्योग आहे असे मी तोवर समजत होतो. त्या दिवसापासून तसे वाटेनासे झाले.

आता असे पाहा. बोल्टावर जे आटे असतात ते काय असतात? शिक्षकबंधूंनी वर्गात हा प्रयोग जरूर करावा. कागदाचा एक काटकोन त्रिकोण कापा आणि तो पेन्सिलीला गुंडाळा. त्रिकोणाची तिरपी कड पेन्सिलीभोवती वेढे घेत वर चढलेली दिसेल. आटा म्हणजे दुसरे काही नाही, दांड्याला गुंडाळलेला चढ. खंडाळ्याच्या घाटात रस्ता वळसे घेत वर जातो, म्हणून अवघड चढ थोड्या जोराने चढता येतो. तसाच नट थोड्या जोराने बोल्टावर चढतो आणि मधल्या दोन पत्र्यांना प्रचंड जोराने आवळतो. घट्ट आवळलेला बोल्ट केसभर ताणला जातो. ताणलेल्या दोरीसारखा तो मागे यायला पाहतो, आणि त्या ओढीमुळेच जोड पक्का राहतो. ही ओढ सगळ्या आट्यांवर सारखी वाटली गेली पाहिजे. नटाचे आटे आणि बोल्टाचे आटे एकाच घाटाचे असतील तरच ती वाटली जाते.

इथेच गोम आहे. जगात घाट एक नाही.

इंग्लंडात जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या यंत्रकाराने १८४१ साली सगळ्या कारखान्यांसाठी एकच माप सुचवले. त्याच्या आट्याचा कोन ५५ अंशांचा, आणि शेंडा व तळ गोलसर. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या विल्यम सेलर्सने १८६४ साली आपले माप मांडले. त्याचा कोन ६० अंशांचा आणि शेंडा सपाट, कारण सपाट शेंडा कापायला सोपा. युरोपात मिलिमीटरवर आधारलेले तिसरे माप रूढ झाले. शांततेच्या काळात ज्याने त्याने आपले वापरले. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज आणि अमेरिकन एका बाजूने लढत होते, पण त्यांचे बोल्ट एकमेकांना ओळखत नव्हते. इंग्लंडच्या रोल्स-रॉईस कंपनीचे मर्लिन नावाचे विमानाचे इंजिन अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने बनवायला घेतले, तेव्हा इंग्रजी आटे पाडायची हत्यारेसुद्धा तिला स्वतःच घडवावी लागली. या त्रासातून शहाणे होऊन १८ नोव्हेंबर १९४८ रोजी अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी वॉशिंग्टन येथे एका समाईक मापावर सह्या केल्या. त्याला युनिफाइड आटे म्हणतात. त्यात अमेरिकेचा ६० अंशांचा कोन कायम राहिला, म्हणून युद्धकाळातल्या जीपला आजचा युनिफाइड बोल्ट चालतो. व्हिटवर्थ चालत नाही आणि मिलिमीटरचाही चालत नाही.

आपल्या देशात हे तिन्ही घाट आले. रेल्वे आणि गिरण्या इंग्रजांच्या, म्हणून व्हिटवर्थ आला. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात आधी क्रायसलर कंपनीच्या अमेरिकन गाड्या जुळवल्या गेल्या आणि पुढे इटलीच्या फियाट. त्यांच्याबरोबर अमेरिकन आटे आणि मिलिमीटरचे आटे एकाच आवारात नांदले. माझगावला महिंद्रा कंपनीने स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत विलिस जीप जुळवायला सुरुवात केली, ती अमेरिकन. १९५६ साली मेट्रिक मापांचा कायदा झाला, १९५८च्या ऑक्टोबरापासून ती मापे व्यवहारात येऊ लागली, आणि हळूहळू बाजारात मिलिमीटरचे बोल्ट वरचढ झाले. जुन्या मिस्त्रींच्या पेटीत म्हणूनच तीन जातींचे पाने असत, आणि कोणता पाना कोणत्या गाडीला हे त्यांच्या हातांना ठाऊक असे.

त्या मिस्त्रींचे माप होते सूत. सुतार, गवंडी, लोहार यांना सूत सांगायला नको. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. दोन सुती बोल्ट म्हणजे पाव इंच, तीन सुती म्हणजे तीन अष्टमांश, चार सुती म्हणजे अर्धा इंच. पाच सोळांश इंचाला ते सरळ ‘अडीच सूत’ म्हणत. पण सूत सांगते ते फक्त जाडी. एका इंचात आटे किती हे सूत सांगत नाही, आणि आट्याचा कोन तर मुळीच सांगत नाही.

अमेरिकन बोल्ट पुन्हा दोन प्रकारचे असतात, जाड आट्यांचे आणि बारीक आट्यांचे. तीन सुती बोल्टाला जाड प्रकारात इंचाला १६ आटे असतात, बारीक प्रकारात २४. जिथे बोल्ट थेट बिडाच्या किंवा ॲल्युमिनियमच्या भोकात जातो तिथे सहसा जाड आटे देतात, कारण नरम धातूत बारीक आटे लवकर चिरडतात. जिथे पोलादी बोल्टावर पोलादी नट बसतो आणि गाडी सारखी थरथरते, तिथे बारीक आटे बरे. ते सहसा सैल होत नाहीत.

आता नानांच्या नटाकडे वळू. बोल्ट होता तीन सुती, जाड आट्यांचा. म्हणजे जाडी साडेनऊ मिलिमीटर आणि दोन आट्यांतले अंतर जवळजवळ १.५९ मिलिमीटर. त्यावर चढवला होता दहा मिलिमीटरचा नट, ज्याच्या आट्यांतले अंतर १.५ मिलिमीटर. जाडीत फरक अर्ध्या मिलिमीटरचा, अंतरात एका मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी. असा नट तीन-चार वेढे अगदी लाडात चढतो. पुढे अडतो. अडला की घाईत असलेला पोऱ्या पाना लावतो, आणि आटे एकमेकांवर चिरडत नट पुढे सरकतो. वरून पाहणाऱ्याला तो बसलेला दिसतो. आत तो एक-दोन आट्यांच्या कडांवर कसाबसा टेकलेला असतो. अजिबात न शिरणारा बोल्ट बरा, तो निदान चूक लपवत नाही.

व्हिटवर्थ याहून फसवा. पाव इंच, अडीच सूत, तीन सूत, पाच सूत, सहा सूत या मापांना व्हिटवर्थचे आणि अमेरिकन जाड प्रकाराचे इंचातले आटे अगदी सारखे आहेत. फरक फक्त कोनाचा. त्यामुळे नट शेवटपर्यंत चढतो आणि तरी आट्यांच्या बाजू एकमेकींना पुरत्या भिडत नाहीत. चार सुतीला मात्र बिंग फुटते, कारण व्हिटवर्थला इंचात १२ आटे आणि अमेरिकनला १३.

हे ओळखायचे कसे? दुकानात पिच-गेज नावाचे पात्यांचे हत्यार मिळते. त्याचे दातेरी पाते आट्यांवर टेकवून उजेडाकडे धरायचे, फटीतून उजेड दिसला तर माप चुकले. ते नसेल तर बोल्टावर पातळ पांढरा कागद घट्ट गुंडाळा आणि शिसपेन्सिल आडवी धरून घासा. आट्यांच्या रेघा उमटतील. फुटपट्टीने एका इंचातल्या रेघा मोजा; बोल्ट आखूड असेल तर अर्ध्या इंचातल्या मोजून दुप्पट करा. संख्या नेमकी पूर्णांकात येत नसेल तर इंच सोडून मिलिमीटरचा संशय घ्या. वर्गातली मुले हे काम मास्तरांहून चोख करतात, असा माझा अनुभव आहे.

पान्यावरूनही सुगावा लागतो. अमेरिकन तीन सुती बोल्टाचे डोके बहुधा नऊ सोळांश इंच रुंद असते, म्हणजे १४.३ मिलिमीटर. त्याला चौदाचा पाना शिरत नाही आणि पंधराचा गरगर फिरून कोपरे खातो. व्हिटवर्थच्या पान्यावर जो आकडा असतो तो डोक्याच्या रुंदीचा नसतोच, बोल्टाच्या जाडीचा असतो. हे ठाऊक नसलेल्यांनी किती डोकी गोल केली असतील, कोण जाणे.

हा सगळा गोंधळ एकाच मैदानात पाहायचा असेल तर पूर्वीच्या अहमदनगरला, आजच्या अहिल्यानगरला जावे. तिथे लष्कराच्या आर्मर्ड कोअर केंद्राने १९९४ साली रणगाड्यांचे संग्रहालय उघडले. इंग्रजी व्हॅलेंटाईन, चर्चिल आणि सेंच्युरियन, अमेरिकन शर्मन, १९६५च्या युद्धात हाती लागलेले पॅटन आणि जपानी रणगाडेसुद्धा तिथे आहेत. मुले तोफांकडे पाहतात. मी गेलो तेव्हा माझे डोळे बोल्टांच्या डोक्यांवर खिळले होते. बरोबरच्या विद्यार्थ्यांना वाटले, सरांचे काही हरवले आहे.

रणगाड्यांचे सोडा. जीप आपल्याला जवळची. १९४१ ते १९४५ या काळात विलिस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बनवल्या. आराखडा विलिसचा, पण एका कारखान्याने एवढ्या गाड्या होईनात म्हणून अमेरिकन सरकारने फोर्डलाही त्याच आराखड्यावर काम दिले, आणि एकीचा भाग दुसरीला बसला पाहिजे अशी अट घातली. फोर्डने अट पाळली, पण आपल्या भागांवर आपली खूण उठवली. वळणदार इंग्रजी ‘एफ’. मोठ्या भागांवर तर होतीच, पण साध्या बोल्टाच्या डोक्यावरही. जुन्या जीपचे शौकीन आज या ‘एफ’ बोल्टांसाठी वणवण करतात, कारण फोर्डची जीप अस्सल ठरवायची तर तिचे बोल्ट ‘एफ’चे हवेत, आणि विलिसची असेल तर नकोत.

नानांची जीप कोणाची? समोरच्या जाळीत नऊ खाचा आहेत, म्हणजे ती युद्धकाळातली हे नक्की. युद्धानंतरच्या नागरी जीपला सात खाचा असतात. नाना तिला विलिस म्हणत आले. इंजिनाच्या अपघातानंतर आम्ही गॅरेजवाल्याची ती बादली घरी आणली, बोल्ट रॉकेलात बुडवून ठेवले, आणि दुसऱ्या दिवशी जुन्या दात घासायच्या ब्रशाने एकेक डोके घासू लागलो. सातव्या-आठव्या बोल्टावर ‘एफ’ निघाला. मग आणखी एक. संध्याकाळपर्यंत अकरा निघाले. नाना अस्वस्थ झाले. वडिलांची विलिस फोर्ड कशी झाली? मग आम्ही गाडीखाली गेलो. फोर्ड आणि विलिस यांतला सर्वांत भरवशाचा फरक सांगाड्याच्या पुढच्या आडव्या दांडीत असतो. विलिसची दांडी गोल नळीची आणि फोर्डची पन्हाळीसारख्या घडीच्या पत्र्याची. आमची नळी निघाली. सांगाडा विलिसचा आणि बोल्ट फोर्डचे.

याचा अर्थ लावणे हे माझे काम होते, आणि इथे मला माझ्या विषयाचा उपयोग झाला. लष्करी दुरुस्ती कारखान्यांत गाड्या खोलत, चालू भाग वेगळे ठेवत आणि हाताला येतील त्या भागांनी पुन्हा जुळवत. दोन्ही कंपन्यांचे भाग एकमेकांना बसावेत ही अट त्याचसाठी तर होती. तेव्हा विलिसवरचा ‘एफ’ बोल्ट ही चूक नसून दुरुस्तीची नोंद असू शकते. पण कोणत्या दुरुस्तीची? तो बोल्ट मडगार्डात होता की गिअरपेटीवर, हे कळले असते तर काही सांगता आले असते. बादलीत पडल्यावर ते बुडाले. उत्खननात नाणे सापडते तेव्हा ते कोणत्या थरात होते हे आधी लिहून ठेवतात. थराबाहेर काढून टाकलेले नाणे राजाचे नाव सांगते, पण त्या घरात कोण राहत होते हे सांगत नाही. नानांच्या जीपची ती साक्ष गॅरेजात एका दुपारी गेली, आणि ती कोणत्याही बाजारातून विकत आणता येणार नाही. मला त्या रेडिएटरापेक्षा याचे वाईट अधिक वाटते.

म्हणून कोणाच्या घरी जुनी जीप, ट्रॅक्टर, इंजिन, फार काय जुने शिवणयंत्र असेल आणि ते खोलायचे असेल, तर एक करा. प्रत्येक जागेचे नट-बोल्ट काढल्याबरोबर वेगळ्या पुडीत बांधा आणि पुडीवर जागेचे नाव लिहा. गंजका असो, तुटका असो, टाकू नका. मोडक्या बोल्टावरूनच नव्याचे माप मिळते. काढण्याआधी फोनवर फोटो घेतला तर सोन्याहून पिवळे.

काढतानाही एक सावधगिरी. विलिस जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असतात. चाक पुढे फिरताना नट आपोआप सुटू नये म्हणून ही योजना होती. आपण नेहमीच्या सवयीने डावीकडे फिरवून सोडवू लागलो तर उलट तो आवळत जातो. न सुटणाऱ्या नटाला लांब पाइप लावून जोर करणारे पुष्कळ, आणि त्यात मोडलेले स्टडही पुष्कळ. नानांच्या डाव्या चाकाचे पाचापैकी दोन असेच मोडले होते, आणि त्या जागी कोणी तरी सुलट आट्यांचे बसवले होते. एका चाकावर तीन नट एकीकडे सुटणारे आणि दोन दुसरीकडे!

आता शोध. पहिली जागा म्हणजे गाडी स्वतः. निम्मे बोल्ट तिच्याच अंगावर सापडतात. दुसरी जागा भंगारातल्या जुन्या पेट्रोल जीपगाड्या. महिंद्राच्या जुन्या जीपची वंशावळ विलिसचीच, त्यामुळे तिथे इंची आटे भेटतात. तिसरी जागा बाजार. मुंबईत मशीद बंदरजवळची नागदेवी स्ट्रीट ही हत्यारे आणि नट-बोल्टांची पेठ. तिथे नुसते ‘तीन सूतचा बोल्ट द्या’ म्हणाल तर बहुधा व्हिटवर्थ किंवा दहा मिलिमीटर हातात पडेल. ‘तीन सूत, चोवीस आटे’ असे म्हणा, म्हणजे दुकानदार वर पाहतो आणि आतल्या खणाकडे जातो. जुन्या मालासाठी चोरबाजार आहे, पुण्याला रविवारी आणि बुधवारी भरणारा जुना बाजार आहे. तिथे जाताना बरोबर एक नमुन्याचा नट न्यावा आणि तो बोटांनी, पान्याशिवाय, शेवटच्या आट्यापर्यंत जातो का ते पाहूनच पैसे द्यावेत. कोणता बोल्ट कुठे हे अमेरिकन लष्कराच्या जीपच्या भागयादीत, म्हणजे ‘जी-५०३’ क्रमांकाच्या पुस्तकात, मापांसह दिलेले आहे. त्याची प्रत मिळवली की निम्मे भांडण मिटते.

मिळालेला जुना बोल्ट साफ करताना घाई नको. तारेच्या चाकावर धरला की गंजाबरोबर ‘एफ’ही जातो. रॉकेलात भिजवावा, मग साध्या व्हिनेगरात रात्रभर ठेवून धुवावा, पुसून तेल लावावे. जालीम तेजाबात मुळीच टाकू नये. कडक पोलादाचा बोल्ट त्यात ठिसूळ होतो आणि पुढे कधी तरी अचानक तुटतो. त्या काळच्या अनेक बोल्टांवर कॅडमियम धातूचा मुलामा असे. तो विषारी आहे. असा बोल्ट घासून धूळ उडवू नये, आणि भट्टीत तापवू तर नयेच. आजच्या बाजारी बोल्टांवर जस्ताची चकाकी असते. लष्करी गाडीवर ती लांबून खुपते. बाहेरून दिसणाऱ्या बोल्टावर गाडीचाच मंद हिरवा रंग दिला की तो जागेवर शोभतो.

पण अस्सल बोल्ट मिळाला म्हणजे तो लावावाच का? इथे नानांचे आणि माझे बरेच वाजले. माझे म्हणणे असे की ब्रेक, स्टिअरिंग, चाके आणि पाटे यांना ऐंशी वर्षांचा बोल्ट लावू नये, मग तो कितीही अस्सल असो. धातू दमतो, आणि दमलेला धातू वरून दिसत नाही. तिथे त्याच मापाचा, त्याच आट्यांचा, नवा आणि पुरेशा ताकदीचा बोल्ट हवा. ताकद डोक्यावर लिहिलेली असते. अमेरिकन पद्धतीच्या बोल्टावर तीन रेघा असल्या तर तो मध्यम कडक आणि सहा असल्या तर फार कडक. एकही नसेल तर साधा. मिलिमीटरच्या बोल्टावर ८.८ सारखा आकडा असतो. त्यातला पहिला ८ सांगतो की दर चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटन ओढ बसेपर्यंत तो तुटणार नाही. दुसरा सांगतो की त्याच्या ८० टक्के ओढीपर्यंत तो सोडल्यावर मूळ लांबीवर परत येईल. नानांना स्टिअरिंगवर रेघांची डोकी नको होती. “बापाच्या गाडीला लायनी नव्हत्या,” असे ते म्हणत. शेवटी शिळफाट्याच्या चढाची आठवण उपयोगी पडली. जिथे जीव टांगलेला आहे तिथे नवे बोल्ट लावले, आणि काढलेले जुने पुड्यांत बांधून, जागेचे नाव लिहून ठेवले.

‘एफ’ बोल्टांचे काय करायचे यावर मात्र मी हरलो नाही. जाणकार म्हणवणाऱ्या एकाने ते विकून विलिसचे घ्या असा सल्ला दिला होता. किंमतही बरी येत होती. नानांनी दोन दिवस विचार केला. मग त्यांनी ते मडगार्ड, जाळी आणि बोनेटच्या बिजागऱ्या अशा जागी लावायला सांगितले, जिथे ते मापाला आणि लांबीला बिनचूक बसत होते, धरत होते, आणि कामही हलके होते. वडिलांनी गाडी चालवली तेव्हा हे बोल्ट तिच्यात होते, एवढे त्यांना पुरेसे होते. दहा बोल्टांना जागा मिळाली.

अकरावा अडीच सुती आहे, बारीक आट्यांचा, नेहमीपेक्षा लांब, आणि डोक्याखाली एका बाजूने झिजलेला. भागयादीत आम्ही त्याच्या लांबीचे तीन बोल्ट शोधले. तिन्ही जागी दुसरे बसलेले आहेत. नानांच्या खिडकीत चहाच्या डब्यात तो ठेवलेला आहे. कोणी जीपवाला घरी आला की नाना आधी चहा विचारत नाहीत, तो बोल्ट हातावर ठेवतात.